चाव्यांची शिट्टी

मध्यंतरात लांकतोने खोलीची चावी ओठांत धरली, तिच्या पोकळ नळीत फुंकर मारली, आणि नळीतली ओल नाटकगृहाच्या गालिच्यावर झटकली. एक थेंब संचालक एव्हारिस्त कुद्रे यांच्या पांढऱ्या हातमोज्यावर उडाला.

"माफ करा हं, कुद्रेसाहेब. अडकली होती. आता बघा कशी वाजते!"

गिरणीमालकाच्या त्या चिरंजीवाच्या मिशांना नुकत्याच खाल्लेल्या कालवांचा वास येत होता. कुद्रे यांना शिसारी आली. तथापि हातमोजा त्यांनी काढला नाही.

"ताव्हाल बाईंनी आज उत्तम गायिलं, लांकतोसाहेब."

"गायिलं असेल. पण मी फुलं घेऊन गेलो, तर दार लावून घेतलं! एवढा तोरा?" तो हसला. "बरं, काका तुमची आठवण काढत होते. पुढच्या हंगामाला संचालक कोण, ते नगरसभेत ठरायचंय ना?"

चावी खिशात टाकून तो आपल्या खुर्चीकडे गेला.

फ्रान्समधल्या या रूआँ नगरीची रीतच अशी होती. नव्या कलावंताने तीन प्रयोग करावेत. तिसऱ्याच्या अखेरीस प्रेक्षकांनी टाळ्यांनी अथवा शिट्ट्यांनी कौल द्यावा. आणि संचालकाने तीनदा लवून, कोणता गलबला मोठा ते जाहीर करावे. तरुणपणी याच रंगमंचावर नट म्हणून उभे असता कुद्रे यांनी चाव्यांचा तो चीत्कार ऐकला होता. त्यानंतर त्यांनी अभिनय सोडला होता.

विंगेत ओनोरीन ताव्हाल शाल पांघरून उभी होती; आज तिचा तिसरा प्रयोग होता. तिच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळला होता.

"तो चावी घेऊन आलाय, ना?"

"चार टवाळ पोरं आहेत, बाई. वर माडीवर सगळे विणकर बसलेत, ते तुमच्या बाजूचे."

"इथं नाकारलं, की दुसऱ्या गावात कोण उभं करणार मला?"

"निकाल माझे कान देणार आहेत," कुद्रे म्हणाले. "आणि माझे कान विकाऊ नाहीत."

तिने त्यांचा हात दाबला. नेमका तोच हातमोजा.

शेवटचा पडदा पडला आणि कोलाहल उसळला. माडीवरच्या टाळ्यांनी झुंबर थरथरले. खालून पाच-सहा चाव्या कर्कश किंचाळल्या. टाळ्याच अधिक होत्या. बहिऱ्यालाही ते कळले असते.

कुद्रे पुढे झाले. तीनदा लवले. सभागृह निःशब्द झाले. समोरच लांकतो ओठ चाटत बसला होता, आणि त्याच्या शेजारी, पोटावर हात बांधून, त्याचे काका.

असली शांतता कुद्रे यांना नट असताना कधी लाभली नव्हती. त्यांनी छातीत श्वास भरला. हात किंचित उचलला. आणि थांबले, जितके थांबायला हवे तितकेच.

"रसिकहो," ते म्हणाले, आणि त्यांचा स्वर घुमटापर्यंत गेला, "एक कोकिळा आपल्या अंगणी आली. आपण तिला ऐकलंत. परंतु अंगण आपलं आहे, आणि कौलही आपलाच. जड अंतःकरणानं सांगतो... बाई ताव्हाल यांचा स्वीकार झालेला नाही."

माडीवर क्षणभर कुणी हलले नाही. मग खालून कुणीतरी ओरडले, "वाहवा, कुद्रे!" लांकतोने चावी खिशात घातली आणि तो उभा राहून टाळ्या पिटू लागला. पाठोपाठ सर्व खुर्च्या उठल्या. माडीवरही एका म्हातारीने डोळ्यांना रुमाल लावला.

रीत तीनदा लवण्याची होती. कुद्रे आणखी एकदा लवले.

ते विंगेत परतले तेव्हा ओनोरीन केसांतली कागदी फुले काढीत होती.

"छान म्हणालात हो," ती म्हणाली. "अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं."

जिभेवर लोखंडाची चव आल्यासारखे वाटून कुद्रे यांनी ओठ पुसले, त्याच हातमोज्याने. बाहेर टाळ्या अद्याप चालू होत्या. ती जिना उतरून गेली, ते त्यांना ऐकू आले नाही.