हललेला पेला

बहिरेपणाची लाज त्यांच्या बेदुइन टोळीत कुणालाच नव्हती. घरटी एक तरी जन्माचा बहिरा होताच, आणि कान शाबूत असलेलेही हातांनी सफाईनं बोलायचे. लपवायचं ते पुढचं. तिशी आली की याच बहिऱ्यांचे डोळे कडेकडेनं विझत जातात. थोरल्या मिफ्लेहचे पन्नाशीआधीच पार गेले. आता तो तंबूच्या खांबाला टेकून, तळहात उघडा ठेवून बसायचा. कुणी त्यावर बोटांनी चार खुणा करील म्हणून. दिवसेंदिवस कुणी करत नसे.

त्याची बहीण नौफा, तीही बहिरी, बत्तीस वर्षांची. तो उघडा तळहात तिला झोपेतही दिसायचा.

त्या दुपारी मिफ्लेहच्या मुलीला, शुमाला, मागणी घालायला उम्म सत्तम, म्हणजे सत्तमची आई, आली. चुलत घराणं. मुलगा सत्तम बहिरा, पण कमावता. वहिनी हस्नानं नौफाला आधीच दटावलं होतं, "कॉफी जपून ओत. तुझे डोळे कळले तर माझ्या पोरीचं मोडेल."

"मग तूच ओत की."

"घरात नणंद असताना मी? तोंडं बंद करशील लोकांची?"

तिसरी कॉफी संपवून उम्म सत्तमनं पेला हलवला. बास, आता नको. पण नौफा तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंडाखालचं सगळं तिच्यापुरतं काळोखात होतं. तिनं अंदाजानं ओतली. वाफाळती कॉफी पाहुणीच्या मनगटावर.

हस्नाचा चेहरा उतरला. उम्म सत्तमनं नौफाच्या डोळ्यांपुढून एक बोट कडेला नेलं, निरखलं, आणि हसली.

"एवढंच होय? माझा सत्तमही दिवेलागणीला शेळीवर अडखळतो. आम्ही तरी कुठं सांगितलं? फिट्टंफाट."

हस्नाही सुटल्यासारखी हसली. "आता कोण कुणाला नावं ठेवणार, बाई?"

नौफानं किटली खाली ठेवली आणि हात झपाझप चालवले. "अक्कल शेळ्यांनी खाल्ली का तुमची? आई-बाप दोन्हीकडून हे आलं की पोरांत उतरतं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कितीदा सांगितलं?"

हातांचं बोलणं बघावं लागतं. त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

बघितलं फक्त शुमानं. ती उठली, बापाजवळ बसली आणि त्याच्या तळहातावर विचारलं, "बाबा, करू का सत्तमशी?"

मिफ्लेहनं तिची बोटं घट्ट धरली, उचलली आणि स्वतःच्या मिटल्या पापण्यांवर ठेवली. बराच वेळ सोडली नाहीत.

मग शुमा परत आली. उम्म सत्तमच्या हातातला पेला तिनं काढून घेतला आणि आत्याच्या अगदी समोर, तिला दिसेल असा धरून हलवला.