जुळाऱ्याचा कोट

माझ्या नातवंडांच्या तोंडी एक शब्द आहे, ग्रॅडवेल. कुणी फार चौकशा करायला लागलं की म्हणतात, "झाली याची ग्रॅडवेलगिरी सुरू!" हा शब्द घरात कुठून आला ते मात्र कुणालाच ठाऊक नाही. मला आहे.

मी आणि माझी थोरली बहीण एकाच लाँड्रीत कामाला होतो. मालकांना इंग्रजी रहस्यकथांचं वेड. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात पुस्तक. त्यापायी किती शर्ट करपले, पण सवय सुटली नाही. त्या पुस्तकांत ग्रॅडवेल नावाचा गुप्तहेर होता. बुटाचा चिखल पाहून माणसाच्या सात पिढ्या सांगायचा. मालक म्हणायचे, "आता इंग्रजीत कुठल्याही चाणाक्ष माणसाला ग्रॅडवेलच म्हणतात. आणि कुणी समोर दिसणारी गोष्ट शोध लावल्यासारखी सांगितली, तर त्यालाही म्हणतात. पण ते टोमण्यानं."

आमच्याकडे ते नाव ताईला चिकटलं. ती काउंटरवर कपडे घ्यायची. खिसे उलटे करायचे, डाग बघायचे, कॉलरच्या आत आमच्या खुणेची चिंधी टाचायची, हे तिचं काम. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की सांगायची, "नोकरी गेलीय याची. शर्ट रोजचा कचेरीचा, पण बाहीवर शाई नाही." बहुतेक वेळा खरं निघायचं. एकदा मालक बोट तोंडात घालून नाचत आले, तेव्हा ताई गंभीरपणे म्हणाली, "भाजलं वाटतं."

"वा रे ग्रॅडवेल!" मालक ओरडले, आणि आम्ही सगळे हसून लोळलो.

ताई मात्र उगीच संशयी झाली नव्हती. तिचं लग्न ठरलं होतं, कपडे शिवून झाले होते, आणि मग कळलं की नवरदेवाला बायको आहे, दोन मुलं आहेत. दुधानं तोंड पोळलं होतं तिचं. पुढं ती स्वतःचं ताक तर फुंकून प्यायचीच, माझंही फुंकायची.

माझं जमत होतं एका जुळाऱ्याशी. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, बोलायला कमी, हसायला बरा. आमच्या घरी दोनदा आला, दोन्ही वेळा राखाडी लोकरी कोटात. आईला तो कोटच आधी आवडला. "ऐपतीचा दिसतो," ती म्हणाली. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "खास शिवून घेतलाय."

दुसऱ्या भेटीत आईच्या हातून त्या कोटावर चहा सांडला. म्हणून तो कोट आमच्याच लाँड्रीत आला.

मी मागच्या खोलीत बटणं लावत बसले होते. ताई कोट घेऊन आत आली आणि तिनं दार लोटलं.

"हा तंबाखू ओढतो?"

"नाही."

"मग हे काय?" शिवणीतून तिनं तपकिरी भुगा झटकला. मग अस्तरात बोट घालून एक चिमुकली पिन काढली. लहान मुलीच्या केसांतली, वर लाल फूल. "खिशाला भोक होतं, त्यातून आत पडली. कोणाची ही?"

मी पिन उलटसुलट करून तिच्या हातात परत दिली.

तिनं कॉलर उलटी केली. आत दुसऱ्या कुठल्याशा लाँड्रीची चिंधी होती, हिरव्या दोऱ्यानं टाचलेली. "या शहरात हिरवा दोरा कुणी वापरत नाही. हा तर म्हणतो, हे शहर सोडून कधी कुठं राहिलो नाही. बाई, याचा दुसरीकडं संसार आहे. मी आईला आज सांगणार."

"उद्या तो कोट न्यायला येईल. आधी त्याला विचार."

"विचारलं की सांगतात होय? माझ्या वेळी मी विचारलं होतं की!"

उद्यापर्यंत थांबते, एवढं बोलून ती काउंटरवर गेली. कोट माझ्या मांडीवर राहिला. हात गप्प बसेना, म्हणून मी खिशांची दुरुस्ती घेतली. डावीकडच्या आतल्या खिशाची कड पार झिजली होती, धागे लोंबत होते. उजवीकडचा आतला खिसा कोरा करकरीत. मी कड दुमडली, सुई घातली आणि थांबले. उजव्या हाताचा माणूस डाव्या खिशात हात घालतो. आमच्या घरी जुळाऱ्यानं चहाचा कप डाव्या हातानं उचलला होता. आई नंतर त्यावरून कुरकुरलीही होती.

दुसऱ्या दिवशी तो आला. ताईनं काउंटरवर पिन मांडून ठेवली होती. ती तोंड उघडणार, एवढ्यात मी पुढं झाले आणि कोट त्याच्या हाती दिला.

"घाला. आणि आतल्या खिशात पिन ठेवा बघू."

तो गोंधळला. पिन डाव्या हातात घेतली आणि सरळ उजवीकडच्या खिशात सारली.

"ताई, झिजलाय डावीकडचा," मी म्हणाले. "तू कोटाबद्दल सांगितलंस ते सगळं खरं असेल. पण तो दुसऱ्याचा आहे."

जुळाऱ्याचे कान लाल झाले. "जुन्या बाजारातून घेतला," तो म्हणाला. "माझ्याकडं एक स्वेटर आहे फक्त. तो घालून आलो असतो, तर तुमच्या आईनं बसा म्हटलं असतं?"

ताईला याचं उत्तर ठाऊक होतं, म्हणून तिनं दुसरंच धरलं. "म्हणजे खोटं बोललात."

"बोललो."

"जो कोटाबद्दल खोटं बोलतो, तो..."

"ताई, थांब," मी म्हणाले. मलाही ते टोचत होतंच. शिवून घेतला म्हणताना त्याची जीभ जराही अडखळली नव्हती. मी त्याला म्हणाले, "रविवारी स्वेटरवर या. आईला तुमच्या तोंडानं सांगा. नाही आलात, तर विषय संपला."

त्यानं कोट उतरवला, मान हलवली आणि तो गेला. कोट काउंटरवरच राहिला.

"येत नाही तो," ताई म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं. चार दिवस मी बटणं चुकीच्या शर्टांना लावली.

रविवारी दार वाजलं. ताईच उघडायला गेली. बाहेर जुळारी उभा, अंगात निळा स्वेटर, दोन्ही कोपरांना वेगवेगळ्या रंगांचं रफू. ताईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"हा तरी तुझाच आहे ना?"

"तपासा की."

मला वाटलं, आता ती हसेल. तिनं खरंच त्याची मान वाकवली, स्वेटरची कॉलर उलटी केली, नीट पाहिली. मग कॉलर सरळ केली, वर एक थाप मारली आणि आत हाक दिली, "आई, आधण ठेव. आणि या वेळी कप मी देते."