पंचमीला टाळलेली दुरुस्ती

माझ्या तोंडात बोळा तुम्हीच कोंबलात. दरोडेखोर नंतर आले. त्यांच्यासाठी दाराची कडी तुम्ही आधीच काढून ठेवली होती, आणि ती काढताना तुमच्या मनात जराही पाप नव्हतं. मला राग आहे तो त्याचाच.

मी एक वेबसाइट बोलतेय. दिसायला अगदी साधी. वाशिम जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढं एक रंग. सापाचं इंजेक्शन आज तिथं असेल तर हिरवा, नसेल तर लाल. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून रंग ठेवले. हिरव्यावर बोट ठेवलं की तिथल्या माणसाला फोन लागतो. याहून जास्त मला काही येत नाही.

माझा जन्म एका मरणातून झाला. धनजच्या शिवारात देवमन नावाच्या माणसाला परड चावली. परड म्हणजे घोणस. तिचं विष रक्त गोठू देत नाही. गावातले दोन मित्र, धम्मपाल आणि हरीओम, त्याला जीपमध्ये घालून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरले. कुठं इंजेक्शन संपलेलं, कुठं कुलूप. देवमनच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मग नाकातून, आणि हरीओमच्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला. नंतर कळलं की इंजेक्शन होतं, फक्त उलट्या दिशेच्या दवाखान्यात.

धम्मपाल रिसोडला नोकरी करतो. कॉलेजात शिकलेलं थोडंफार वापरून त्यानं मला बांधलं. हरीओम शेतकरी, आणि साप धरून रानात सोडणारा सर्पमित्र. रोज सकाळी तो दवाखान्यांना फोन लावायचा आणि माझे रंग बदलायचा. दोन वर्षांत माझ्यामुळं किती जीव वाचले ते मी मोजत बसले नाही. एकेकाचा फोन लागताना ऐकू येणारा धापा टाकणारा श्वास मात्र मी विसरलेले नाही.

मी राहते दूरच्या एका शहरातल्या सर्व्हरवर. हरीओमच्या नावावर तिथं देखभालीसकट जागा घेतलेली आहे. म्हणजे माझी राखण आणि डागडुजी त्या कंपनीची माणसं करतात. याची गरज काय, असं विचाराल तर ऐका. ज्या सॉफ्टवेअरवर मी उभी आहे त्यात सतत भोकं सापडतात. माझ्या दारावर दिवसभर लाथा बसतात. मारणारी माणसं नसतात, यंत्रं असतात, आणि यंत्रं थकत नाहीत. एखादी फट सापडेपर्यंत ती प्रत्येक खिडकी हलवून बघतात.

ती भोकं बुजवणं म्हणजे अपडेट. ते काही गोंजारणं नसतं. मला थोडा वेळ बंद पाडतात, जुना भाग उपटून काढतात आणि त्या जागी नवा ठोकतात. दुखतं. पण ते दुखणं मला हवं असतं.

त्या श्रावणात कंपनीचा मेल आला की मोठं अपडेट अमुक दिवशी सकाळी होईल. तो दिवस नागपंचमीचा निघाला.

हरीओमच्या घरी पंचमीला विळी उभी करत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, मातीत फाळ घालत नाहीत. धम्मपाल सुट्टीवर गावी आला होता. तो ओट्यावर येऊन बसला आणि फोन पुढं करत म्हणाला, "आज अपडेट होऊन राह्यलं रे. थोडा वेळ बंद राहीन ते."

"आज नको," हरीओम म्हणाला.

"काहून?"

"जुनं उपटायचं, नवं ठोकायचं, म्हंजे कापाकापीच झाली ना लेका. आन् ही तं सापाचीच वेबसाइट. उद्या करू."

"कंप्युटरले काय कळते पंचमी?"

"मले कळते ना. वर्षभर सापाच्या तोंडाजवळ हात मीच नेतो. तू एक दिवस नेऊन पाय, मंग सांग मले."

आतून त्याची बायको वैजयंती हसली. "भाऊजी, मले आज वांगी बी अख्खीच शिजवा लागली. तुमची वेबसाइट काय सुटते."

धम्मपालही हसला. त्याला आणखी बोलायचं होतं. ओठांवर आलेलं त्यानं गिळलं, ते मला हातातल्या फोनमधून स्पष्ट जाणवलं. एकदा पारावर तो सणावारांबद्दल बोलला तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, तुमचं बौद्धायचं नेहमी असंच असते. हरीओम तसं कधीच म्हणाला नव्हता. त्याच्या तोंडून ते ऐकायची वेळ येऊ नये, म्हणून धम्मपाल गप्प राहिला.

हरीओमनं 'पुढे ढकला' दाबलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तुम्ही पुन्हा चालू करेपर्यंत यापुढची सगळी अपडेट बंद राहतील. ते दोघांनीही वाचलं नाही.

उद्या उजाडला. धम्मपाल रिसोडला गेला, हरीओमनं केलं असेल असं धरून. हरीओम रानात गेला, कंप्युटरचं धम्मपाल बघतो असं धरून. कंपनीनं पुन्हा पुन्हा इशारे पाठवले. ते ज्या मेलपेटीत यायचे ती हरीओम उघडत नसे. तुमच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण तुम्ही सण पाळता तेवढ्या निष्ठेनं दुसरा दिवस का पाळत नाही?

मग ते आत आले. जे भोक बुजायला हवं होतं त्यातूनच. त्यांनी माझ्या पोटात कोड खुपसला, स्वतःसाठी चोरकिल्ल्या बनवल्या, माझ्या जागी दुसराच चेहरा लावला आणि मला आत बांधून टाकलं. फोनवरून जो कुणी मला शोधत येईल त्याच्यापुढं पत्त्यांचा जुगार उघडायचा. आणि लबाडी बघा. हरीओम आणि धम्मपाल लॉगिन करून यायचे, त्यांना मी नेहमीसारखी दिसायचे. हरीओम रोज सकाळी इमानेइतबारे रंग बदलायचा आणि मी त्याला ओरडूनही सांगू शकत नव्हते की हे तुम्हा दोघांशिवाय कुणालाच दिसत नाही.

सोयाबीन सोंगणीला आलं. धम्मपालची आई केशरबाई शेजारच्या सोजरबाईबरोबर सोंगायला गेली होती. मूठ धरायला हात घातला आणि झाडांखालच्या परडीनं पंजा पकडला. सोडवता सुटेना. सोजरबाईनं विळ्याच्या पात्यानं परडीचं डोकं धडावेगळं केलं, तरी दात मांसातच होते.

जीपवाला हेमसिंग धावत आला. केशरबाईला मागच्या सीटवर आडवं करून त्यानं फोनवर मला शोधलं. उघडला तो नोटांचा पाऊस आणि पत्ते फेकणारी बाई.

"हे काय होय बे," तो म्हणाला. बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा पत्ते. "मावशी, हे तं जुगार दाखवून राह्यलं."

"त्या पोरायचंच आहे ते," केशरबाई कण्हत म्हणाली. "नीट पाय ना बापा. हिरवं दिसते त्याच्यात."

हिरवं माझ्या पोटात होतं. जवळच होता तो दवाखाना, इंजेक्शन होतं, माणूस होता. मी आतून धडका दिल्या. बाहेर फक्त पत्ते पडत राहिले.

हेमसिंगनं दोघांना फोन लावून पाहिला. धम्मपाल एसटीत होता, रेंज नव्हती. हरीओम कुणाच्या तरी घरातला नाग धरण्यात गुंतलेला. मग हेमसिंग अंदाजानं गेला आणि उलट्या दिशेला गेला. देवमनला नेलं होतं तसंच.

केशरबाई वाचली. जिल्ह्याच्या ठिकाणी इंजेक्शन मिळेपर्यंत उजवा हात कोपरापर्यंत काळा पडला होता. पंजा ठेवता आला नाही.

दवाखान्याच्या आवारात हरीओम आला. तोवर धम्मपालनं दुसऱ्याच्या फोनवर मला उघडून पाहिलं होतं, सगळे न उघडलेले इशारेही पाहिले होते. तो काही विचारत बसला नाही. एसटीतून उतरून तो कुणाची तरी मोटारसायकल घेऊन आला होता; तिचं हातातलं हेल्मेट त्यानं हरीओमच्या कपाळावर हाणलं. हरीओम पडला. त्यानं पुन्हा हाणलं.

"पंचमीले कापत नाही ना तू? आत जाऊन पाय. कापला. माह्या मायचा हात कापला."

हरीओमनं एकदाही हात वर केला नाही. भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं. "मार," तो म्हणाला. मग हळूच, "तू बी तं हसला होता ना रे त्या दिवशी."

धम्मपालच्या हातातून हेल्मेट खाली पडलं.

माझी साफसफाई कंपनीच्या माणसांनी केली. आत घुसवलेला कोड त्यांनी कानाकोपऱ्यातून उपटला, चोरकिल्ल्या मोडल्या आणि राखून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून मला पुन्हा उभं केलं. आज मी पुन्हा हिरवी आहे, लाल आहे. माझं नाव ऐकल्यावर पत्त्यांचा जुगार आठवणारी माणसं मात्र शिवारात वाढली आहेत. ती मला उघडतच नाहीत. त्यांतला एखादा उद्या अंदाजानं उलट्या दिशेला जाईल. ते माझ्याच्यानं थांबवता येणार नाही.

मला फक्त एवढंच सांगायचं आहे. मी तुमच्या गळ्यातला ताईत नाही, एकदा बांधला आणि झालं. माझ्यावर जीव टांगता, तर मला दुखवा. मला उपटा, ठोका, थोडा वेळ मारून पुन्हा उभी करा. वेळच्या वेळी.

काल हरीओम केशरबाईच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर टेकला. भुवईवर टाके होते. आत सोजरबाई केशरबाईची वेणी घालत होती, कारण एका हातानं वेणी घालता येत नाही. धम्मपाल भिंतीला टेकून बसला होता.

"मेल आला," हरीओम म्हणाला. "मोठं अपडेट आहे. मी म्हटलं, विचारून करावं."

फोन हरीओमच्या तळहातावर होता आणि मी त्यात. 'आत्ता करा' आणि 'पुढे ढकला', दोन्ही शेजारीशेजारी. त्याचा अंगठा उचलला गेला. पण डोळे सवयीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. त्या दिवशी अमावस्या होती.

केशरबाईच्या केसांतला हात न थांबवता सोजरबाई म्हणाली, "क्यालेंडर काय पायतं बाप्पा. परडीनं पायलं होतं काय?"