झाकणाच्या आतली तारीख

घड्याळ हातात घ्यायच्या आधीच मी धाकलूवर खेकसलो, "काउंटरवर माती पाडू नको." माझी खोडच वाईट. भीती वाटली की तोंड सुटतं.

त्यानं रुमालातून लेडीज घड्याळ काढलं. उंबरमाळीच्या रानात करवंदं काढणाऱ्या बायांना दरीत हाडं सापडली होती, त्या हाडांपाशी हे. हवालदार त्याला माझ्या शहापूरच्या दुकानात घेऊन आला आणि स्वतः समोर चहाला बसला.

"साल सांग, ज्ञाना," धाकलू म्हणाला. "रंजीचं हाय का दुसऱ्या कुनाचं, येवढं कळू दे."

रंजिता त्याची एकुलती पोर. अठ्ठ्याण्णवच्या शिमग्याला खडी मशीनवरच्या ड्रायव्हरबरोबर पळाली. पळालेली पोर मेली असं धरून बाप तिच्या नावानं आंघोळ करतो, तशी धाकलूनं चारचौघांदेखत नदीवर केली. त्याला सहा वर्षं झाली. पण मनातून ती सुरतेला सुखात असेल, असंच तो धरून होता. ती दहावी झाली तेव्हा असलंच एक जुनं घड्याळ त्यानं माझ्याकडून नेलं होतं. तसली मी डझनभर विकलेली.

डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण काढलं. मशीन सत्तर-बाहत्तरचं, रोज चावी द्यावी लागणारं. आम्ही घड्याळवाले दुरुस्ती केली की झाकणाच्या आत सुईनं तारीख कोरतो. खूण माझीच होती. वीस मे अठ्ठ्याण्णव.

मी तारीख वाचली, तर धाकलू चक्क हसला. "मंग तिचं नाय रे. ती शिमग्यालाच गेली. आन तिच्या घड्याळाची चावी बारकी व्हती, ही बघ केवढी." त्यानं डोळे पुसले. "जिती हाय माजी पोर."

त्याला तसंच जाऊ द्यावं असं फार वाटलं. त्यात माझीही सुटका होती. पण मग ती हाडं बेवारस गेली असती.

"बस जरा," मी म्हणालो. "चावी मीच बदलली. लेडीज नव्हती, म्हणून जेन्ट्सची बसवली. मे महिन्यात ती स्वतः आली होती, एकटी. त्या हरामखोरानं टाकलं होतं तिला. घरी निघाली होती."

"माज्याकडं?"

"तुझ्याकडंच. बाचा राग गेला का, म्हणून विचारलं. मी कामात होतो, वैतागलेलो. म्हटलं, बापानं आंघोळ केलीय तुझ्या नावानं, आता कुठं तोंड दाखवतेस? घड्याळ मनगटाला बांधलं. गेली."

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. वाटलं, आता हा माझं नरडं धरणार. धरायलाच हवं होतं. तो स्टुलावर बसला आणि घड्याळ परत रुमालात गुंडाळू लागला.

चहा संपवून हवालदार आत आला. "काय रे, पटली का ओळख?"

धाकलू उठला. "माजीच पोर हाय," म्हणाला. "कुटं ठेवलीय तिला, चला."