पाच मिनिटांचा आळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

पांढुर्ण्यात संत्री भरायच्या एका शेडमध्ये माझं टेबल आहे. माझा पंखा घरघरतो, कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. पण मीही चांगले दिवस पाहिले. शेडचे मालक शालिकराम. त्यांच्या पत्नी करुणाताई मला रोज पुसायच्या. त्यांनी स्वतः शिकून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे मला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल. ती चालवली की पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापून निघायच्या. रामाकोन्याचे बागवाले म्हणायचे, "वहिनी, तुमची मशीन लय हुशार हाय जी!" त्या हसायच्या. मीही फुगायचो.

मग सौसरचा संगणकवाला वीरेंद्र आला. दुरुस्ती करताना त्याने माझ्यात आपल्या दुकानाची जाहिरात घातली. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं नाव रंगीत गोल गोल फिरू लागलं आणि चिठ्ठ्या रखडू लागल्या. त्याने मोबाइलवर वेळ लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पाच मिनिटं! वहिनी, हा काही स्वयंपाक नाही न. तुमची स्क्रिप्टच कच्ची हाय. नवीन मशीन घ्या, नवीन प्रोग्राम घ्या."

बागवाले हसले. करुणाताई तेव्हा आजारी होत्या. तरी माझ्यापुढे बसून ओळ न ओळ तपासायच्या. "माझंच कुठं चुकून राहिलं असन," असं नवऱ्याला म्हणायच्या. हेच मनात घेऊन त्या गेल्या. मला सगळं माहीत होतं, पण कोणी विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही.

संत्र्यांच्या हंगामात वीरेंद्र नवीन संगणक घेऊन आला. मला भंगारात द्यायचं आणि स्क्रिप्ट पुसायची, असं ठरत होतं. करुणाताईंची धाकटी बहीण दामिनी शाळेत संगणक शिकवते. ती म्हणाली, "भाऊजी, पुसायच्या आधी एकदा मोजू द्या मले."

"मी मोजलं न, मॅडम," वीरेंद्र म्हणाला.

"तुम्ही घड्याळ मोजलं. जामसांवलीले रांगेत दोन तास उभे राहता, मारुतीपुढं किती वेळ भेटते? मग मारुतीनं दोन तास लावले म्हणता का?"

तिने स्क्रिप्ट चालवली आणि मला नीट प्रश्न विचारला. याच क्षणाची मी वाट पाहत होतो. मी उत्तर दिलं: सुरू झाल्यापासून संपेपर्यंत पाच मिनिटं. त्यात स्क्रिप्टने प्रोसेसर, म्हणजे माझा मेंदू, वापरला फक्त चार सेकंद. बाकी वेळ ती बिचारी रांगेत उभी होती.

"मग प्रोसेसर खाल्ला कोणं?" शालिकरामांनी विचारलं.

कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर वापरतो, त्याची यादी दामिनीने उघडली. सगळ्यात वरचं नाव मी आनंदाने दाखवलं.

"वीरेंद्रभाऊ, वाचा न," शालिकराम म्हणाले. "त्या दिवशीसारखं. मोठ्यानं."

वीरेंद्र पडद्याकडे वाकला. "माझी जाहिरात. सत्त्याण्णव टक्के," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं बाप्पा!" मागून एक बागवाला ओरडला. वीरेंद्रला पुन्हा वाचावं लागलं. मग शालिकरामांनी त्याच्याच हाताने जाहिरात काढायला लावली. स्क्रिप्ट पुन्हा चालली आणि त्याने मोबाइल खिशातून काढण्याआधीच चिठ्ठ्या बाहेर आल्या.

"चुकलं जी. माफ करा," तो म्हणाला.

"मले काय म्हणून राहिला? जिले म्हणाला होता, तिले म्हण," शालिकराम म्हणाले.

वीरेंद्र उभाच राहिला. कोणी त्याला बस म्हटलं नाही. नवीन संगणकाचं खोकं त्याने एकट्याने उचलून नेलं.

मित्रांनो, त्याची मान खाली गेलेली पाहून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. पण करुणाताईंना ते चार सेकंद कधी कळले नाहीत. म्हणून सांगतो, आमच्यासारख्या जुन्यांना जपा, आणि कोणाच्या कामाला नाव ठेवण्याआधी नीट मोजा. माणूस ऐकायला आहे, तोवर मोजा.