डांबऱ्याच्या तोंडातलं अंडं

"ही खोड मोड पोरी," शेळ्या राखणारी म्हातारी सोजरबाई म्हणाली. "आज अंडं आणतंय, उद्या रानातलं काय उचलून आणंल त्याचा नेम न्हाई."

शितल हसली. हसण्यासारखंच होतं ते. डांबऱ्या कुत्रा खुराड्यापासून ओट्यापर्यंत कच्चं अंडं तोंडात धरून आला होता. साडेतीन वर्षांच्या समृद्धीनं दोन्ही तळवे पुढं करून "दे" म्हटलं आणि त्यानं ते अलगद तिच्या हातात ठेवलं. टरफलावर दाताचा ओरखडासुद्धा नव्हता.

"दोन महिने शिकवलंय आजी त्याला, मोबाइलवर बघून बघून. सात अंडी फुटली तेव्हा कुठं जमलं."

"तू कालेज केलंस, मी काय न्हाई म्हणत न्हाई. पर रानात पडल्यालं समदंच उचलायचं नसतं. ते त्याला कोण सांगणार?"

"आधी तुमच्या शेळ्यांना सांगा. परवा माझी ओढणी खाल्ली."

सोजरबाई बोळक्या तोंडानं हसली, शेळ्या हाकारल्या आणि डोंगराला लागली. विषय तिथंच मिटला.

तसं पाहिलं तर काळजी करण्यात शितलचा हात धरणारं त्या वस्तीवर कुणी नव्हतं. बीएस्सी झाल्यावर दोन वर्षं ती कुरकुंभच्या एका कंपनीत लॅबला होती. समृद्धीच्या वेळी नोकरी सुटली, पण लेबल वाचल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही ही तिथली सवय अंगात राहिली. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती लेकीला देत नसे. चपला झटकून घाली. रात्री उठून झोपलेल्या पोरीच्या नाकापुढं बोट धरून बघे. "तू भीतीच्या कंपनीत पर्मनंट झालीस," असं तिचा नवरा भारत म्हणायचा. तो अजून कुरकुंभलाच शिफ्टला जात होता.

डांबऱ्या तिला रस्त्याच्या कामावर सापडला होता. डांबराच्या पिंपाशेजारी चारी पाय चिकटून पडलेलं पिल्लू. दोन दिवस गोडंतेल चोळून तिनं एकेक पाय सोडवला होता. पुढं तो थोराड झाला आणि मग रोज सकाळी घराच्या पाठीमागचा फॉरेस्टचा डोंगर चढायचा नेम पडला. पुढं डांबऱ्या, मध्ये समृद्धी, मागं शितल. हिवर, बोरी, गिरिपुष्पाची दाटी, मग पाणी अडवायला खणलेल्या चरांच्या ओळी, मग फॉरेस्टनं जनावरांसाठी बांधलेला सिमेंटचा पाणवठा. तिथून खाली सगळं यवत दिसायचं. दिवसातला तेवढा एक तास तिचा स्वतःचा. बिबट्या, साप, अनोळखी माणूस, सगळ्याची जबाबदारी ती डांबऱ्यावर सोपवायची आणि मोकळा श्वास घ्यायची.

पुढं थोड्याच दिवसांत, एका सकाळी भारतला फर्स्ट शिफ्ट होती. घराच्या कोपऱ्यावर भारतचे चुलते मच्छिंद्र आप्पा पाइप जोडत बसले होते. त्यांचा मका डोंगराला लागून होता, आणि रानडुकरांनी दोन रात्रींत निम्मा लोळवला होता.

"सूनबाई, बांधाकडनं जाऊ नगा आज. गाडीवाटंनं जावा."

"का हो आप्पा?"

"काय न्हाई. गवत लई माजलंय." त्यांनी पाइपावरची नजर वर केली नाही.

शितल गाडीवाटेनं गेली. सांगितलेलं ऐकणारी बाई ती. पण कुत्र्याला कसला बांध आणि कसली गाडीवाट.

पाणवठ्यापाशी समृद्धी दगडावर बसून शेंगदाणे खात होती. डांबऱ्या खाली मक्याच्या अंगाला झाडीत शिरला होता. दहा मिनिटांनी तो वर येताना दिसला. हळू येत होता. मान ताठ, शेपूट खाली आणि संथ हलणारी. अंडं आणतानाची चाल.

शितलनं निरखून पाहिलं. तोंडात काहीतरी गोल. चरबी माखलेलं, माशा घोंगावणारं. ओठाच्या कडेनं सुतळीचं टोक लोंबत होतं.

गेल्या वर्षी शेजारच्या गावात एका गाईनं असाच गोळा चावला होता. डुक्कर मारायला ठेवलेला, दाताखाली आला की फुटणारा. त्या गाईचा फोटो वस्तीवरच्या प्रत्येक मोबाइलवर येऊन गेला होता. शितलनं तो पुरता न बघता पुसला होता.

"मम्मी, बॉल," समृद्धी म्हणाली. ती दगडावरून उतरली आणि तिनं दोन्ही तळवे पुढं केले. "डांबऱ्या, दे."

वीस पावलं राहिली होती.

"थांब," शितल ओरडली. तो थांबला नाही. त्याला 'आण' कळायचं, 'दे' कळायचं. थांबायला तिनं त्याला कधी शिकवलंच नव्हतं. तोंडातलं टाकून द्यायलाही नाही. सगळं हातात आणून द्यायला शिकवलं होतं.

तिनं एका हातानं पोरीला मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं दगड उचलला. पहिला दगड चुकला. डांबऱ्याला तो खेळ वाटला. शेपूट जोरात हलली, पावलं भरभर पडू लागली. दुसरा दगड त्याच्या बरगडीत बसला. आजवर त्याच्या अंगावर कुणी साधी काडी उगारली नव्हती. तो कळवळला आणि त्यानं दात आवळले.

आवाज मोठा आणि कोरडा होता. कानाशीच दगडावर दगड आपटावा तसा. शितल लेकीवर पालथी पडली. पाठीवर, केसांत काहीतरी ओलं उष्ण येऊन पडलं. मान वळवून तिनं पाहिलं तेव्हा डांबऱ्या उभा होता. खालचा जबडा नव्हता. जीभ एका शिरेला लोंबत होती आणि छातीवरून रक्ताची धार लागली होती. तशाच तोंडानं तो पुढं आला. पाच पावलं, सहा पावलं. समृद्धीचा एक हात शितलच्या कुशीबाहेर राहिला होता. त्या तळव्यापाशी त्यानं मान खाली घातली. द्यायला. मग त्याचे पुढचे पाय दुमडले.

तो लवकर मेला नाही. छातीचा भाता चालूच होता आणि प्रत्येक श्वासाला गळ्यातून फेस येत होता. शितलनं तिसरा दगड उचलला, मोठा, दोन हातांचा. तो तिच्यानं खाली घालवेना.

आवाज ऐकून सोजरबाई वरच्या चरातून उतरत आली. पाला तोडायची कोयती तिच्या हातातच होती.

"पोरीचं तोंड तिकडं कर," ती म्हणाली. "तू बी तिकडं बघ."

शितल यवतकडं बघत राहिली. पाठीमागं कोयती दोनदा पडली. मग सोजरबाई पाणवठ्यावर बसून हात धूत होती. "मी म्हटलं नव्हतं का," असं ती म्हणाली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

खड्डा मच्छिंद्र आप्पांनी खणला. न बोलावता फावडं घेऊन आले आणि कमरेएवढा खोल खणत गेले.

"मी म्हणलो व्हतो, बांधाकडनं जाऊ नगा."

"का, ते सांगितलं नाहीत." शितलच्या केसांत रक्त वाळलं होतं. "किती ठेवले होते, आप्पा?"

आप्पांनी फावडंभर माती वर टाकली.

"पाच. तीन सकाळच्याला उचलून आणलं. बाकीचं जाग्याव नव्हतं."

"एक हा. पाचवा?"

फावडं थांबलं.

संध्याकाळी शितलनं पोलिसांना फोन लावला. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "घरातला माणूस हाय त्यो. कुत्र्यापायी तुरुंगात घालतीस?"

"डांबऱ्यानं तो गोळा माझ्या पोरीच्या हातात आणून दिला असता, आई."

तिनं जबाब दिला, नावासकट. फॉरेस्टची माणसं आणि पोलीस तीन दिवस डोंगर धुंडाळत होते. पाचवा मिळाला नाही. कोल्ह्यानं नेला असेल, चरात गडगडला असेल, पानांखाली असेल. आप्पा आठवड्यात जामिनावर सुटून आले आणि वस्तीवर कुणी शितलशी बोलेना. महिन्याभरानं भारतनं कुरकुंभला खोली घेतली. समृद्धी आता 'दे' म्हणत नाही. काही हवं असलं तर हात पाठीमागं बांधून नुसती मानेनं दाखवते.

निघायच्या दिवशी शितल सोजरबाईला सांगायला गेली, की आजी, पाचवा अजून डोंगरातच आहे, दुसरीकडं न्या शेळ्या.

"कुठं नेऊ? रस्त्याव? आन् शेळ्या काय माझ्यावानी घरात बसून भाकरी खात्यात व्हय? जा तू. पोरीला जप."

वस्तीवर असताना शितल रोज दिवस मावळताना ओट्यावर उभी राहायची, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज डोंगरावरून उतरेपर्यंत. आता तिथं उभं राहणारं कुणी नाही. सोजरबाईला मुलगा नाही, तिच्याकडं मोबाइल नाही. म्हणून यवतकडं जाणारं जे कुणी भेटेल त्याला शितल सांगते, आणि तुम्हालाही सांगते: भुलेश्वराच्या बाजूला निघालात तर डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली दिसेल, दारात बाभळीची फांदी आडवी लावलेली. तिथं जरा थांबा. शेळ्या खाली आल्या असतील तर त्यांच्यामागं म्हातारी आहे का, तेवढं बघा. नसली तर वाटेवरूनच हाक मारा. ती ओ देते.