जेवणानंतर दोन चमचे

फोन आला तेव्हा प्रणित घरत नुकता अंघोळ करून बाहेर आला होता. “कॅप्टन, आज रक्त द्यायचंय. बारापर्यंत वाशीला पोचा,” एवढंच बोलून तिथल्या लॅबमधल्या बाईंनी फोन ठेवला. हे असंच चालायचं. कधी बोलावतील ते सांगायचं नाही, बोलावलं की दोन तासांत हजर व्हायचं, आणि नाही पोचला तर गडी प्यायलेला आहे असं धरायचं. दहा महिन्यांत नऊ वेळा तो गेला होता आणि नऊ वेळा शिट्टी वाजवत परत आला होता. आज मात्र त्याला शिट्टी सुचेना. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

सुकापूरच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं की चौथ्या मजल्यावरचा पायलट घरी बसलाय. का बसलाय, ते कुणी तोंडावर विचारत नसे, पाठीमागे सगळे सांगत. दहा महिन्यांपूर्वी पहाटे पाच वाजता, दिल्लीचं विमान न्यायच्या आधी, रोजच्यासारखी त्याने श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकर मारली आणि आकडा आला. आदल्या दिवसाची एव्हाना उतरली असेल असा त्याचा अंदाज होता. अंदाजच तो! कंपनीने दोन रस्ते दाखवले. एक, राजीनामा द्या. दुसरा, उपचार घ्या, दहा-बारा महिने आमच्या नजरेखाली राहा, डॉक्टरांच्या मंडळाने होकार दिला तर पुन्हा उडा. प्रणितने दुसरा धरला. अठ्ठावीस दिवस दवाखान्यात काढले. बाहेर आल्यावर आठवड्याच्या बैठका आल्या, आणि वर कॅप्टन गुरुदत्त आले.

हे गुरुदत्त म्हणजे एके काळचे पट्टीचे पिणारे. त्यांचंही लायसन असंच गेलं होतं. मग सुटले, परत उडाले, सन्मानाने निवृत्त झाले, आणि आता बुडालेल्या पायलटांना केसाला धरून वर काढतात. अकरा काढले, बारावा हा. त्यांचा नियम एकच. “प्यायलास तर फोन कर. पण खोटं बोललास तर मला फोन करू नकोस.”

येत्या सोमवारी प्रणितची फाइल मंडळापुढे जायची होती. आजचं रक्त शेवटचं. ते स्वच्छ निघालं की महिन्याभरात पठ्ठ्या आकाशात. आणि तेही कुठून? जिथे आता नव्या विमानतळाची धावपट्टी आहे तिथे घरतांचं शेत होतं, पलीकडे मिठागर होतं. जमीन गेली त्या दिवशी त्याची आई भामा रडली नव्हती. “जाऊं दे. माजा पोरगा आमच्याच शेतावर इमान उतरवील,” असं ती अख्ख्या गावाला सांगत सुटली होती. विमानतळ सुरू झाला, विमानं उतरायला लागली, आणि पोरगा गॅलरीत बसून ती मोजत राहिला.

“मला कळंबोलीला वसुंधराकडं सोड जाताना,” म्हणत भामा पिशवी घेऊन गाडीत बसली. वसुंधरा तिची भाची. नाही म्हणायला प्रणितला सवड नव्हती.

कळंबोलीच्या आधीच गाडी अडकली. पुढे न्हावा शेव्याहून आलेला कंटेनर, मागे लोखंडाच्या सळयांचा ट्रेलर, डावीकडे तिसरा ट्रक, उजवीकडे दुभाजक. दारसुद्धा धड उघडेना. घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. पोचलो तरी मेलो, नाही पोचलो तरी मेलो, असं त्याच्या मनात आलं.

भामाने पिशवीतून बाटली काढली, वर चमचा काढला. “तुजा सकालचा राह्यला. फोन आला नि न खाता पळालास. ही चपाती खा नि दोन चमचे घे. कसा झालाय चेहरा!”

प्रणितचा हात पुढे गेला. आपोआप गेला. जिभेला पाणी सुटलं, आणि त्या पाण्याचीच त्याला भीती वाटली. त्याने हात मागे ओढला.

“आई, त्यात दारू असते.”

“काय बोलतंस? अश्वगंधाचा औषध हाय ता. वैद्यांनी दिलाय, झोप लागाय.”

“अरिष्ट आहे ते. मुरवतात, त्यात आपोआप तयार होते. दारूच ती. बाटलीवर लिहिलंय बघ.”

भामाने बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली. बारीक अक्षर तिला दिसेना. पण पोराचा चेहरा दिसला.

“वैद्यांना सांगितलं नव्हतंस, माझं काय चाललंय ते?”

“नाय सांगितला,” ती पुटपुटली. “आपल्या पोराची अब्रू काय वेशीवर टांगायची? झोप नाय लागत, इतकाच सांगितला. लोकांना कशाला...” झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भामाने मूठ झाकली ती अशी.

मग तिला सगळं उमगलं. रक्त, वाशी, सोमवार. तिने कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा. “तुज्या बापाच्या हातातला दारूचा गेलास खेचता खेचता माजा जलम गेला रं! तो ऐकला नाय, मेला. नि तुला... तुला मीच पाजली? माज्या हातानं? चमच्यानं?”

वडील, दाजी घरत, यकृत सडून गेले तेव्हा प्रणित चौदाचा होता. त्या दिवशीही भामा इतकी मोडली नव्हती. आता ती सीटवर पुढे-मागे झुलत होती आणि प्रणितला तिच्याकडे बघवत नव्हतं. मागच्या ट्रेलरने उगाचच हॉर्न दिला. जायचं कुठे, बाबा?

थोड्या वेळाने तिनेच पदराने डोळे पुसले. बाई खमकी. “लाव फोन तुज्या कॅप्टनला. मी सांगते. पोराला कायच ठावं नवता, मी औषध म्हनून दिला. पायजे तर लिहून देते, सही करते. आईचा ऐकतील ना?”

ऐकतील. प्रणितला ते लगेच कळलं. एका पायलटाच्या बाबतीत असं झालंही होतं, खोकल्याच्या औषधाने. त्याला महिनाभर थांबवलं, पुन्हा रक्त घेतलं आणि सोडून दिलं. सगळीकडून कोंडलेल्या त्या गाडीत एक दार उघडलं होतं. फक्त त्या दारात आई आडवी पडलेली होती, आणि तिच्या अंगावरून जायचं होतं.

त्याने फोन लावला. आवाज गाडीच्या स्पीकरवर आला.

“साहेब, मी भामा, प्रणितची आय.” तिने एका दमात सगळं सांगितलं. वैद्य, झोप, चमचे. “माजी चूक हाय. त्याची नाय. त्याला शिक्षा करू नका.”

गुरुदत्तांनी तिला पुरतं बोलू दिलं. मग हळू म्हणाले, “ताई, रडू नका. असं होतं, घरच्यांना कळत नाही. तुम्ही लिहून द्या, मंडळाशी मी बोलतो.” आणि पुढे, अगदी साध्या आवाजात, “प्रणित, तुला माहीत नव्हतं ना?”

नव्हतं. एवढंच तर म्हणायचं होतं! एक शब्द, आणि महिन्याभरात विमान.

पण पायलट म्हणजे वाचणारा प्राणी. यादीतली एक ओळ न वाचता तो इंजिन सुरू करत नाही. बिस्किटाचा पुडासुद्धा प्रणित मागून-पुढून वाचल्याशिवाय फोडत नसे. सतरा दिवसांपूर्वी आईने बाटली टेबलावर ठेवली तेव्हा त्याने ती उचलली होती, मद्यार्काची ती बारीक ओळ वाचली होती, आणि बाटली परत ठेवताना लेबल भिंतीकडे वळवलं होतं. जेवणानंतर दोन चमचे. चौथ्या दिवशी चार झाले. दहाव्या दिवशी अर्धी वाटी. ‘पोरगा आता मागून घेतो’ म्हणून आई हरखली होती, आणि तो जेवणाची वाट बघत होता, जेवणासाठी नव्हे.

भामा त्याच्याकडे बघत होती. डोळे सुजलेले, तरी मानेने खुणावत होती: नव्हता म्हन, नव्हता म्हन.

हिने हे उरलेलं आयुष्य वागवायचं, असं त्याला वाटलं. बापाला वाचवू शकले नाही आणि पोराला मीच पाजली, हे घेऊन ही रोज माझं विमान बघणार.

“माहीत होतं, सर,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी वाचलं होतं. आईला माहीत नव्हतं. मला होतं.”

“किती घेतोस?”

“अर्धी वाटी. दोन वेळा. ही तिसरी बाटली.”

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. “सोमवारी फाइल जाणार नाही.”

“हो, सर.”

“परत पहिल्यापासून. वर्ष जाईल. कदाचित ते परत घेणारही नाहीत, ते माझ्या हातात नाही.”

“कळतंय, सर.”

“वाशीला पोच. सगळं लिहून दे. संध्याकाळी मी सुकापूरला येतो. आईंना म्हणावं, चहा टाका.”

फोन बंद झाला. भामाने पदर खोचला. मग तिचा हात उठला आणि प्रणितच्या पाठीत असा धपाटा बसला की कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

“मेल्या! मी मघापास्नं मरतंय हितं! उन्हातानात बाटल्या आनल्या तुज्यासाठी, नि तू...” ती रडली, पण आता कपाळ बडवून घेत नव्हती. प्रणितही रडला. पुढचा कंटेनर हलला तेव्हा कुठे त्याने गाडी पुढे घेतली.

कळंबोलीला ती उतरली नाही. “चल, मी पन येते,” म्हणाली.

बाराला सात मिनिटं असताना दोघं पोचली. फॉर्मवर ‘अलीकडे घेतलेली औषधं’ असा रकाना होता. प्रणितने नाव लिहिलं, वाटीचं माप लिहिलं, दिवस लिहिले. ‘कोणाच्या सल्ल्याने’ पुढे लिहिलं, ‘स्वतःच्या’. बाटली काउंटरवर ठेवली, लेबल समोर करून.

रक्त घेणारी मुलगी येईपर्यंत भामा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिली.

“मंग आता किती दिस झालं तुजं?”

“एकही नाही, आई. दहा महिने गेले. परत एकपासून मोजायचं.”

तिने बोटांवर हिशेब केला. “काल रातचा घेतलास. आज सकालचा घेतला नायस ना?”

“नाही.”

“मंग आजचा एक धर,” भामा म्हणाली, आणि तिने त्याची बाही वर सरकवून दिली.